आत किती, बाहेर किती

१

शाळा मी चौथीत सोडली, का शाळेनं मला सोडलं, त्यावर आता वाद नको. अक्षर वेडंवाकडं आहे. ज्याला वाचवत नसेल त्यानं कागद रद्दीत टाकावा.

पस्तीस वर्षं मी बेअरिंगच्या कारखान्याच्या गेटवर होतो. लोकांना वाटतं, गेटवरचा माणूस आत येणाऱ्याला अडवतो. साफ चूक. कारखान्यात आपणहून कोण मरायला येतंय? खरं काम सुटीच्या भोंग्यानंतर. आतून रांग लागायची. एकेकानं पुढे यायचं, पिशवी उघडून धरायची, मी हात घालून बघायचो. काही निघालं नाही की म्हणायचं, "जा." आणि मागच्याला म्हणायचं, "पुढचा." या दोन शब्दांवर मी संसार केला, लेक शिकवली.

पिशवीत माल निघाला तर माणूस माघारी आत. शेवटी ऑफिसात चिठ्ठी जायची: आत इतके, बाहेर इतके. त्यात एक नियम होता. ज्याला गेटवर अडवला, तो आतल्यांत मोजायचा. गेटपर्यंत आला म्हणून तो बाहेर गेला असं होत नाही. नवखे शिपाई तिथंच चुकायचे. मी कधी चुकलो नाही.

हे सांगायचं कारण पुढे येईल.

लेक दुसऱ्या गावी असते, गाडीनं सात तास. चाळिशीची बाई झाली, ऑफिसात हाताखाली माणसं आहेत, पण घरात ती ठमीच. तिनं तिचा जुना कॉम्प्युटर मला आणून दिला. म्हणाली, छोटीचे फोटो बघा, दोन ओळी लिहीत जा. छोटी म्हणजे माझी नात, सहा वर्षांची. लिहितो मी, एका बोटानं. पण त्या ई-मेलमध्ये नुसता उकिरडा. टकल्या माणसाला केसांचं तेल. परदेशातल्या कोणा विधवेला तिची इस्टेट मलाच द्यायचीय. मी ठमीवर फोनवरच उखडलो, तेव्हा तिनं तिकडून बसल्या बसल्या त्यात एक गाळणी बसवली. नको ती पत्रं येताच कचऱ्यात. आणि माझ्या कॉम्प्युटरमधून बाहेर जे काही जाऊ बघेल, त्याला आधी अडवायचं आणि मला विचारायचं.

"पाटी येईल, बाबा," ठमी म्हणाली. "अमुक बाहेर जाऊ बघतंय. खाली दोन बटणं. जाऊ द्या, नाहीतर अडवा. ओळखीचं असेल तर 'कायमचं' या चौकोनात टिक करा, म्हणजे परत विचारणार नाही."

"टिक करणार नाही."

"अहो, दिवसातनं चाळीस वेळा विचारेल!"

"विचारू दे. गेटवर कायमचा पास कोणालाच नसतो. साहेबाच्या मेव्हण्याला डिकी उघडायला लावली होती मी."

"ठाऊक आहे. शंभरदा ऐकलंय."

"आणि बटण दाबलंच नाही तर?"

"तर ते तिथंच उभं राहील. तुम्ही दाबल्याशिवाय बाहेर काही हलत नाही, बाबा."

हे मला पटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी अक्कल वापरून यंत्र बनवलं होतं.

२

माझं टेबल आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. पाठीमागे दार, दारापासून लांब बोळ, बोळाच्या त्या टोकाला घराचा दरवाजा. सकाळी दहाला चहा घेऊन बसायचं आणि अकरापर्यंत माणसं हाकायची. माणसं म्हणजे तेच, बाहेर जाऊ बघणारी. घड्याळाला वेळ जुळवायचीय, अडवा. छापायच्या यंत्राला, जे माझ्याकडे नाहीच, कुठंतरी खबर द्यायचीय, अडवा. ठमीला लिहिलेलं पत्र तेवढं जाऊ द्या. बाकी सगळे माघारी. महिना दीड महिना मजेत गेला. पुन्हा कामाला लागल्यासारखं वाटायचं.

त्या सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी एक पाटी आली. तिच्यावर नाव नव्हतं.

दरवेळी कोण जातंय त्याचं नाव असतं. इथं नावाची जागा कोरी, आणि पुढे नुसतं, "बाहेर जाऊ बघतंय." कुठे जायचंय तेही लिहिलेलं असतं. ते वाचून चहाचा कप मी खाली ठेवला. ठमीचा पत्ता होता.

पाटीवर 'आत काय आहे ते पाहा' असं तिसरं बटण आहे. मी त्याला झडती म्हणतो. ते दाबलं. आत चार शब्द होते.

आत दोन. बाहेर शून्य.

माझी गेटवरची चिठ्ठी. हुबेहूब. दोन शब्द, टिंब, दोन शब्द, टिंब.

पहिला विचार आला तो हाच, की मीच लिहून विसरलो. वय झालंय, परवा चष्मा डब्यात सापडला. पण मी लिहिलं असतं तर एक लिहिलं असतं. आमची ही जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी एकटा.

अडवा दाबलं आणि उरलेला चहा प्यायलो. गार झाला होता.

३

मंगळवारी, दहा वाजून दहा. नावाची जागा कोरी. आत तीन. बाहेर शून्य. अडवा.

बुधवारी आत चार.

मी ठमीला फोन लावला. "तू माझी थट्टा करतेस का?"

"काय झालं?"

"गेटच्या चिठ्ठ्या लिहितेस मला. आत इतके न् बाहेर तितके. तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहेत त्या?"

"बाबा, मला इथं जेवायला फुरसत नाही, तुम्हाला कशाला चिठ्ठ्या लिहू? थांबा, बघते."

ती तिकडून माझ्या कॉम्प्युटरात शिरली. बाण आपोआप फिरायला लागला. ते मला कधीच आवडलं नाही, पण पोटची पोर म्हणून सोडतो. तिनं याद्या उघडल्या. मी अडवलेलं सगळं ओळीनं लिहिलेलं होतं. घड्याळ, छपाई, अमकं, तमकं. कोरं नाव एकही नव्हतं.

"असलं काही नाहीये, बाबा. सगळं स्वच्छ आहे."

"मग मी खोटं बोलतो?"

"तसं कुठं म्हटलं मी?" मग म्हणाली, "झोप लागते ना नीट? शनिवारच्या पुढच्या शनिवारी आम्ही येतोच आहोत. छोटीनं आत्तापासून पिशवी भरून ठेवलीय. रोज गेट-गेट खेळते. मला पिशवी उघडून दाखवायला लावते आणि म्हणते, जा. पुढचा."

तीन वर्षांनी येणार होत्या, आठ दिवस राहायला. बोळात छोटीच्या उंचीला मी एक खुंटी ठोकून ठेवली होती, तिच्या पिशवीसाठी. शेजारी माझी. असलं फोनवर सांगायची मला सवय नाही. "या," म्हणालो आणि ठेवून दिला.

४

गुरुवार-शुक्रवार कॉम्प्युटर लावलाच नाही. हा माझा तपास होता. बटण मीच दाबतो तर आकडा कशानं वाढतो, दिवसानं की बटणानं? दिवसानं वाढत असेल तर शनिवारी सात दिसतील. बटणानं वाढत असेल तर पाच.

शनिवारी पाच होते.

मी कितीतरी वेळ त्या पाचाकडे बघत बसलो. मला कळलं होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. पस्तीस वर्षं जो नियम पाळला तोच नियम. ज्याला अडवला तो आतल्यांत मोजायचा.

मग न अडवायला काय झालं होतं? बोलायला सोपं. ते जात होतं ठमीकडे. ठमीच्या घरी, छोटी जिथं जमिनीवर पालथी पडून चित्रं काढते तिथं. कोण आहे, पिशवीत काय आहे, काही ठाऊक नाही, आणि मी म्हणू, जा? आजवर बेअरिंगची एक गोळी माझ्या गेटमधून फुकट गेली नाही.

अडवा दाबलं. रविवारी सहा. सोमवारी सात.

मंगळवारी आठ. त्या दिवशी खालचा शिंपी वर आला. आमच्या खालीच त्याचं दुकान आहे, जिन्याच्या तोंडाशी. माणूस बरा, पण तोंडात टाचण्या धरून बोलतो.

"काका, पाहुणे आलेत वाटतं?"

"कुठले पाहुणे?"

"नाही, पावलं वाजतात. चालत नाही हो कोणी. उभं राहून राहून माणूस पाय बदलतो ना, या पायावरनं त्या पायावर, तसं. दहाच्या सुमाराला. माझ्या डोक्यावर, या टोकापासनं त्या टोकापर्यंत." त्यानं टाचणीनं बोळाची रेघ हवेत काढली.

"उंदीर असतील."

"बूट घातलेले?" म्हणाला आणि हसला. मी हसलो नाही. तोही थांबला.

५

बुधवारी ठरवलं, दाबायचंच नाही. ना हे, ना ते. उभं राहू दे.

दहा वाजून दहा. आत नऊ. बाहेर शून्य. मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

पाच मिनिटं काही नाही. रस्त्यावर कोणी सतरंजी झटकत होतं. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. आणि मग मला मागे दाटल्यासारखं वाटलं. हे कसं सांगू? गेटवर पाठ करून उभं राहिलं तरी मागे रांग आहे का नाही ते कळतं. आवाज नको, काही नको. हवाच जड होते. माणसं कंटाळली की हवा कंटाळते. कोणीतरी घसा साफ करायला श्वास घेतला आणि करायचा राहून गेला, एवढंच ऐकू आलं, ते पण नक्की नाही.

मी मान वळवली नाही. भित्रा म्हणा. खाली वाकून भिंतीतलं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

काळा पडदा म्हणजे आरसा, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

त्यात माझं डोकं होतं, माझे खांदे, आणि मागे उघडं दार. दारापासून बोळभर, एकामागे एक. तोंडं दिसली नाहीत, पडद्याच्या वर राहिली. हात दिसले. दोन दोन हात, आणि प्रत्येक जोडीत पिशवी, तोंड उघडून माझ्याकडे धरलेली. मी बघावी म्हणून. पहिली पिशवी माझ्या कोपरापासून वीतभर लांब होती.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शिंप्याचं मशीन थांबलं होतं, आणि मागे नुसता बोळ होता. खुंटी होती. तिच्यावर माझी बाजाराची पिशवी होती. मी ती नेहमी घडी करून अडकवतो. आता तिचं तोंड उघडं होतं.

दुपारी कॉम्प्युटर लावला. पाटी होती तिथंच उभी होती. अडवा दाबलं. दुसरं काय करणार होतो?

संध्याकाळी ठमीला फोन केला.

"येऊ नका."

"म्हणजे?"

"म्हणजे येऊ नका. मला गडबड सोसत नाही."

"बाबा, तिकिटं काढलीत! छोटी नाचतेय इथं."

"नाचू दे तिथंच. इथं येऊन कानाशी कटकट नको."

ठमी हळू आवाजात म्हणाली, "आई होती तेव्हा ती सगळ्यांना बोलवायची, तुम्ही सगळ्यांना हाकलायचा. मला वाटलं होतं, आता तरी... तुम्हाला कोणी आत आलेलं चालतच नाही का हो?"

चालतं गं बाई, म्हणायचं होतं. आत यायला कधीच कोणाला अडवलं नाही मी. पण म्हटलं असतं तर ती आली असती. "ठेव फोन," म्हणालो. मग तिचं रडगाणं पत्रातून यायला नको म्हणून तिचा पत्ताही गाळणीत टाकला. लेकीची पत्रं केसांच्या तेलाबरोबर कचऱ्यात.

त्या बोळातनं मी तिला आणि छोटीला एकेक पाऊल आणणार नव्हतो, बास.

६

गुरुवारी दहा. शुक्रवारी अकरा. दोन्ही वेळा अडवलं.

शनिवारी दहा वाजून दहा मिनिटांनी पाटी आली. झडतीचं बटण दाबलं आणि चष्मा पुसून परत वाचलं.

आत बारा. बाहेर दोन.

बाहेर आजवर शून्यच होतं. बाहेर कोण? मी पडद्याकडे न बघता, खाली कळफलकाकडे बघत विचार करत होतो, तेवढ्यात दरवाज्याची बेल वाजली.

उठलो. बोळ रिकामा होता. तरी मी भिंतीला खांदा घासत, अंग चोरून गेलो, जशी रांगेच्या बाजूनं वाट काढतात. दार टीचभर उघडलं.

ठमी. लाल डोळे, हातात बॅग.

"मला हाकला," ती म्हणाली, "पण तोंडावर हाकला. फोनवर नाही. माझी पत्रंसुद्धा वाचत नाही तुम्ही? आजारी आहात का? खरं सांगा."

मी जिन्याकडे बघितलं. ती एकटी होती. "तुझ्याबरोबर दुसरं कोण आहे?"

"कोण असणार? छोटी. खाली शिंप्याच्या दुकानात बसवलंय तिला, म्हटलं आजोबांचा मूड आधी बघून घ्यावा. सरका ना, आत येऊ द्या."

दोन. बरोबर होतं. चिठ्ठी कधी चुकत नाही.

मी अंग तिरकं केलं, दारातून बाहेर आलो आणि मागे दार ओढून घेतलं. कुलपाचा खटका बसला. किल्ली आत टेबलावर, पायात चप्पल नाही.

"अहो, काय हे!"

"आत जायचं नाही. खाली चल. छोटीला घे आणि चल. मी येतो तुझ्याकडे, म्हणशील तितके दिवस राहतो, कटकट करणार नाही, पण आत्ता चल."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिनं मला असं कधी बघितलं नव्हतं. बॅग उचलायला वाकली आणि तिच्या हातातला फोन वाजला.

"हे काय... बाबा, तुमच्याकडनं पत्र आलंय."

"काय लिहिलंय?"

"आत अकरा. बाहेर तीन."

अकरा. मी निघालो म्हणून बारातला एक कमी. बाहेर ठमी, छोटी आणि मी, तीन. हिशोब चोख. पण मला आकड्याशी घेणं नव्हतं. ठमीनंच सांगितलं होतं, तुम्ही दाबल्याशिवाय बाहेर काही हलत नाही. मी तर जिन्यात उभा होतो. 'जाऊ द्या' कोणी दाबलं?

"आत कोण आहे, बाबा?"

मी उत्तर देणार तोच फोन परत वाजला. ठमीनं वाचलं नाही, नुसता माझ्याकडे धरला.

आत दहा. बाहेर चार.

जिन्यात आम्ही दोघंच. खाली शिंप्याचं मशीन चालता चालता थांबलं. मग छोटीचा आवाज आला, खणखणीत, जराही न घाबरलेला.

"आजोबाऽ, हे काका मला पिशवी उघडून दाखवतायत. काहीच नाहीये आत. मी काय म्हणू?"

बावीस पायऱ्या आहेत. माझा गुडघा दोन वर्षं वाकत नाही. अडव म्हटलं तर तो तिच्यापाशी राहील. आत मोजला जाईल, तिच्यात. पस्तीस वर्षं आणि हे दोन महिने, मला 'अडव' हा एकच शब्द चांगला येत होता, आणि तो मी घशातच दाबला.

"जा म्हण, छोटे!" मी कठड्यावरून ओरडलो. "जा म्हण त्याला! बघू नकोस, नुसतं जा म्हण!"

"जा," छोटी म्हणाली, अगदी माझ्या ढंगात.

दुकानाचं काचेचं दार उघडलं आणि लागलं. रस्त्यावरचा आवाज आत आला आणि बंद झाला. कोणी उतरलेलं मी बघितलं नाही. शिंपी कोणाला तरी "कोण हो?" म्हणत होता.

मी कठडा सोडला. वाटलं, झालं. पस्तीस वर्षांत झडती न घेता एकाला सोडला, आणि काही बिघडलं नाही.

'जा' झाल्यावर गेटवर एकच शब्द उरतो. तो मी उच्चारला नाही, हे मी छोटीच्या डोक्यावर हात ठेवून सांगेन. ठमी साक्षीला आहे, तिनंही ऐकलं. बंद दाराच्या मागून, बोळाच्या त्या टोकाहून, जिथं माझी खुर्ची आहे तिथून आवाज आला. माझाच. थोडा कंटाळलेला, सुटीच्या वेळेचा.

"पुढचा."

ठमीच्या हातातला फोन थरथरला.